हायड्रोजनच्या पंपाशेजारी कोण राहतं?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात कामगारवस्तीतल्या रात्रशाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली. दिवसभर लेथवर उभं राहून आलेल्या मुलांसमोर ते जस्तावर आम्ल ओतायचे, नळीच्या तोंडाशी जळती काडी धरायचे, फट्‌ असा आवाज व्हायचा आणि पेंगणारी मुलं जागी व्हायची. त्यांच्या नावाने उभं राहायचं तर विषय हायड्रोजनचाच असावा, असं मला वाटलं. मात्र आज त्या वायूबद्दल मी थोडं बोलणार आहे, आणि गाडीचं इंधन म्हणून त्याच्याकडे माणसं कशी पाहतात याबद्दल जास्त.

तंत्र झटपट सांगून टाकतो, कारण या पिंपरी-चिंचवडात ते माहीत असलेली मंडळी समोरच बसली आहेत. टाकीत दाबाखाली हायड्रोजन भरलेला असतो. फ्युएल सेलमध्ये त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, वीज तयार होते, त्या विजेवर मोटर फिरते आणि मागच्या नळीतून पाणी बाहेर पडतं. बसच्या टाकीत दाब असतो साधारण ३५० बार, मोटारीच्या टाकीत ७०० बार. आपल्या मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं बोलणं सोपं होईल.

आता मूळ मुद्दा. वाहन उद्योगाच्या परिषदांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: लोक घाबरतात, लोकांचं प्रबोधन केलं पाहिजे. हे निदान मला मान्य नाही. जगात जिथे जिथे हायड्रोजनच्या बस आणि मोटारी रस्त्यावर आल्या, तिथला अनुभव निराळं सांगतो. माणसं वायूला फारशी घाबरली नव्हती. वायू घेऊन येणाऱ्यांचं वागणं पाहून ती बिचकली. आपल्याला न विचारता सगळं ठरलं, धोका हलका करून सांगितला गेला, उद्या पंप बंद पडला तर गाडीचं काय करायचं याचं उत्तर कुणी दिलं नाही. म्हणून ती मागे सरली. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आता ते पुराव्यानिशी मांडतो.

भीतीपासूनच सुरुवात करू. हायड्रोजन म्हटलं की हिंडेनबर्ग हे नाव निघतंच. ६ मे १९३७, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं लेकहर्स्ट. हायड्रोजनने भरलेलं ते जर्मन विमानजहाज उतरताना पेटलं आणि अर्ध्याअधिक मिनिटात खाक झालं. जहाजावर ९७ माणसं होती. त्यांतली ३५ आणि जमिनीवरचा एक कर्मचारी, असे ३६ जण गेले. म्हणजे ६२ जण वाचले; पण हे किती जणांना ठाऊक असतं? हेलियम वापरला असता तर आग लागली नसती. तो अमेरिकेकडे होता, आणि त्याची निर्यात करायला तिथल्या कायद्याने बंदी होती. हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिला तो चित्रफितीतला भडका आणि निवेदक हर्बर्ट मॉरिसन यांचा फुटलेला आवाज. एका अपघाताचं इतकं जवळून चित्रण झालं आणि ते जगभर दाखवलं गेलं, म्हणून एका वायूची ओळख ठरून गेली.

पण त्याच १९३७ साली आपल्याकडे काय झालं पाहा. डालडा बाजारात आला. वनस्पती तूप म्हणजे काय? तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेला पदार्थ. शिवडीच्या कारखान्यात हायड्रोजन वापरला जात होता, पिवळे डबे घरोघर जात होते, आणि त्या डब्याला हायड्रोजनसाठी कुणी कधी भ्यालं नाही. त्याहून मागे जाऊ. १८६५ पासून मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागू लागले. तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला. अशा कोळसा-वायूत जवळपास निम्मा हायड्रोजनच असतो, वर विषारी कार्बन मोनॉक्साइडही असतो. त्याच्या नळ्या मुंबईच्या भर वस्तीतून गेल्या होत्या. आजही तुर्भे-माहुलकडच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत आणि खत कारखान्यात रोज हायड्रोजन तयार होतो आणि तिथेच खपतो. तेव्हा हायड्रोजन ही काही उद्या येणारी अनोळखी वस्तू नव्हे. चेंबूरची माणसं कित्येक दशकं त्याच्या शेजारी राहत आली आहेत. त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न वेगळा. आणि तोच आजचा प्रश्न आहे.

मग हायड्रोजन निर्धोक आहे का? मुळीच नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत मिसळला तरी तो पेटू शकतो. पेटायला लागणारी ठिणगी पेट्रोलच्या वाफेच्या मानाने दहाव्या हिश्शाची पुरते. त्याला वास नाही. स्वयंपाकाच्या गॅससारखा वास त्यात मिसळावा, तर तो फ्युएल सेलला खराब करतो. ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून अग्निशमन दलाला उष्णता टिपणारे कॅमेरे लागतात. दुसऱ्या बाजूला, तो हवेपेक्षा चौदा पट हलका आहे. उघड्यावर गळला तर सरळ वर निघून जातो. पेट्रोलसारखा जमिनीवर पसरून गाडीखाली तळं करत नाही. म्हणजे उघड्या डेपोत एक हिशेब आणि सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये दुसरा. हे सगळं सामान्य माणसाला कळतं. वेळ देऊन, दोन्ही बाजू मांडून सांगितलं की नीट कळतं.

आपल्या देशात वायूची भीती अज्ञानातून आली, असं म्हणणाऱ्यांना मी २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची आठवण करून देईन. भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्याला लागून ज्या वस्त्या होत्या, तिथल्या माणसांना पलीकडे काय साठवलं आहे हे माहीत नव्हतं. वायू सुटला तेव्हा काय करायचं हेही कुणी सांगितलेलं नव्हतं. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढी एक सूचना आधी मिळाली असती तरी किती जीव वाचले असते! ज्या देशाने हे सोसलं, त्या देशातली बाई 'आमच्या घराशेजारी नक्की काय भरून ठेवणार आहात?' असं विचारते तेव्हा ती शहाणपणाने विचारते. तिला प्रबोधनाची गरज नाही. तिला उत्तराची गरज आहे.

आता युरोपातले दोन अनुभव शेजारी शेजारी ठेवतो. २००३ च्या सुमारास युरोपातल्या नऊ शहरांत मर्सिडीजच्या हायड्रोजन बस चाचणीसाठी उतरल्या, प्रत्येक शहरात तीन. लंडन त्यांतलंच एक. बस येण्याआधी तिथे लोकांचं मत अजमावलं गेलं, तेव्हा दिसलं की बहुतेकांना माहिती थोडी होती आणि विरोध तर त्याहूनही थोडा. बस कुणाला नको होती? कुणालाच नाही. अडलं कुठे, तर पंपावर. लंडनच्या पूर्वेला हॉर्नचर्च नावाचं उपनगर आहे. तिथल्या चालू पेट्रोल पंपावर बीपी कंपनीला द्रवरूप हायड्रोजनचा साठा करायचा होता. रहिवासी विरोधात उभे राहिले, स्थानिक नगर परिषदेने परवानगी नाकारली, प्रकरण अपिलात गेलं आणि २००५ मध्ये केंद्र सुरू झालं. म्हणजे बस मध्य लंडनला मिळणार, स्वच्छ हवा मध्य लंडनला मिळणार, आणि टाकी हॉर्नचर्चच्या घरांशेजारी. तुम्ही-आम्ही तिथे राहत असतो तर काय केलं असतं? सही केली असती?

आता आइसलँड. रेक्याविक शहरात २४ एप्रिल २००३ रोजी शेल कंपनीचं हायड्रोजन केंद्र उघडलं. त्या देशात तो दिवस उन्हाळ्याचा पहिला दिवस म्हणून सुट्टीचा असतो. तिथे ब्रागी आर्नासॉन नावाचे एक प्राध्यापक होते. आपल्याकडे धबधबे आहेत, जमिनीतली उष्णता आहे, मग तेल बाहेरून कशाला आणायचं, त्या विजेतून हायड्रोजन करू, असं ते १९७० च्या दशकापासून सांगत होते. लोकांनी आधी ते मनावर घेतलं नाही. पुढे हळूहळू घेतलं, आणि कौतुकाने त्यांचं नावच 'प्रोफेसर हायड्रोजन' पडलं. वायू कुठून येतो? याच केंद्रावर, पाण्यातून, आपल्याच धरणांच्या विजेवर. फायदा कुणाचा? देशाचा. ही उत्तरं रेक्याविकच्या माणसाला तोंडपाठ होती, आणि म्हणून तिथे बसना मनापासून पाठिंबा मिळाला. मला या दोन गावांतला फरक फार मोलाचा वाटतो. वायू तोच, बस तीच, कंपन्याही तेलाच्याच. एका गावात उत्तरं आधी पोचली होती, दुसऱ्या गावात आधी परवानगीचा अर्ज पोचला.

आणि तरीही आज आइसलँडमध्ये नवी गाडी घेणारे बॅटरीकडे वळले आहेत, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं प्रामाणिक होणार नाही. पाठिंबा आणि खरेदी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

अपघात झाला की काय होतं? १० जून २०१९, नॉर्वेची राजधानी ऑस्लोजवळचं सांडविका. सुट्टीचा दिवस, संध्याकाळची वेळ. महामार्गाच्या कडेचं हायड्रोजन केंद्र स्फोटाने हादरलं. जवळून जाणाऱ्या मोटारींतल्या एअरबॅग त्या दणक्याने फुगल्या आणि त्या लागून दोघांना किरकोळ इजा झाली. जीवितहानी झाली नाही. कारण काय निघालं? उच्च दाबाच्या टाकीच्या एका बुचाचे आतले बोल्ट जोडणीच्या वेळी पुरेसे आवळलेले नव्हते. तिथून बारीक गळती सुरू झाली, ती वाढत गेली, सील निकामी झालं, वायू बाहेर पडला आणि पेटला. या सभागृहात टॉर्क रेंच हातात धरलेले कितीतरी हात आहेत. त्यांना मी सांगायला नको की, बोल्ट किती आवळायचा हे कागदावर लिहिलेलं असतं आणि आवळलाय की नाही हे पाहणारा दुसरा माणूस असावा लागतो. इतकी साधी बाब होती.

केंद्र बनवणाऱ्या नेल कंपनीने त्याच महिन्यात हे कारण जाहीर केलं, बोल्टसकट. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अपघातानंतर 'चौकशी सुरू आहे' हे वाक्य वर्षानुवर्षं पुरतं. नॉर्वेत टोयोटा आणि ह्युंदाईने हायड्रोजन मोटारींची विक्री काही काळ थांबवली. ज्यांच्याकडे आधीच त्या गाड्या होत्या त्यांची मात्र पंचाईत झाली, कारण वायू मिळेना.

इथून आपण कॅलिफोर्नियाकडे येतो, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. हायड्रोजन मोटार सामान्य ग्राहकाने विकत घेऊन रोज वापरली अशा जगातल्या मोजक्या जागांपैकी ही एक. २००४ मध्ये तिथले गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी 'हायड्रोजन महामार्गा'ची घोषणा केली. पुढे टोयोटाची मिराई आली. जी माणसं ती घेत होती ती भित्री होती का? उलट ती सगळ्यांत उत्साही माणसं होती. स्फोटाची भीती त्यांच्या मनातही नव्हती. कंपनी गाडीबरोबर १५,००० डॉलरपर्यंतचं इंधनाचं कार्ड देत होती, त्यामुळे दराची झळ सुरुवातीला लागत नव्हती.

मग हळूहळू काय घडलं? केंद्रं मोजकी. एक बंद पडलं की पुढच्यावर रांग. पंपावर वायू उणे ४० अंशांपर्यंत थंड करून भरतात, म्हणून नळीचं तोंड कधी कधी गाडीला गोठून चिकटायचं. ते सुटेपर्यंत मागच्याने थांबायचं. जून २०१९ मध्ये सांता क्लारा इथल्या वितरण केंद्रात स्फोट झाला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास कित्येक महिने वायूची टंचाई पडली. दर किलोला तेरा-सोळा डॉलरच्या घरात होता तो २०२३ च्या अखेरीला ३६ डॉलरपर्यंत चढला. मिराईच्या टाकीत पाच-साडेपाच किलो मावतो, म्हणजे एक टाकी दोनशे डॉलरच्या आसपास. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शेलने तिथली मोटारींसाठीची आपली केंद्रं कायमची बंद केली. उत्साहाने पुढे आलेला माणूस घरासमोर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिला. जुनी गाडी कुणी घेईना. काही जण कंपनीविरुद्ध कोर्टात गेले.

श्रोतेहो, या लोकांना कुठलं प्रबोधन हवं होतं? त्यांना हायड्रोजनबद्दल सगळं माहीत होतं. त्यांना वायू हवा होता, परवडेल अशा दराने आणि उद्याही मिळेल या खात्रीने. हे आपल्या रिक्षावाल्याला विचारा. सीएनजीच्या रांगेत जो तासन्‌तास उभा राहतो, तो टाकी फुटेल या भीतीने कधी सीएनजी सोडत नाही. रांगेने आणि दराने मात्र तो जेरीला येतो. दिल्लीत १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बस सीएनजीवर न्यायला सांगितलं, तेव्हा सुरुवातीला आगी लागल्या, रांगा लागल्या, विरोध झाला. तरी सीएनजी रुजला, कारण तो पेट्रोलपेक्षा स्वस्त पडला आणि पंप वाढत गेले. लोकांचं मन वळवलं ते खिशाने आणि पंपांच्या संख्येने.

आता आपल्याकडे येऊ. इथे माझी काळजी उलट दिशेची आहे. भारतात हायड्रोजनबद्दल भीती कमी आणि भुरळ जास्त आहे. 'पाण्यावर चालणारी गाडी' हे शब्द कानावर पडले की आपण हरखून जातो. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या रामर पिल्लै यांनी वनौषधी आणि पाण्यापासून पेट्रोल केल्याचा दावा केला, तेव्हा सारा देश त्यांच्या मागे लागला होता. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली. तरी आजही तशाच गाडीचा व्हिडिओ दर महिन्याला कुणीतरी पाठवतोच, आणि तो पाठवणारा शिकलेला असतो. मनातून त्याला वाटत असतं, तेलवाल्यांनी हे दाबून ठेवलं आहे. पाणी हे इंधन नव्हे. पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढायला जेवढी ऊर्जा घालावी लागते, ती परत मिळते त्याहून नेहमीच जास्त असते. गुरुजी हे फळ्यावर एका ओळीत लिहायचे.

त्याचा हिशेब बघा. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते, वर तो दाबून भरायला आणखी. त्या एका किलोत मोटार शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर तेवढीच मोटार तीनशे किलोमीटरच्या आसपास जाईल. शिवाय आज जगात होणारा जवळजवळ सगळा हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून होतो. नैसर्गिक वायूपासून केला तर एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मग बसच्या मागून पाणी पडताना पाहून टाळ्या वाजवायच्या आधी विचारायला हवं ना, की धूर कुठे सोडून आलात?

याचा अर्थ हायड्रोजनचं सगळंच सोडून द्यावं असं मी म्हणत नाही. दोनचाकी आणि घरची मोटार बॅटरीवर सोपी पडते, हे मला आता स्पष्ट दिसतं. पण खतं, पोलाद, कदाचित लांब पल्ल्याचे जड ट्रक, तिथे हायड्रोजनला जागा असू शकते. पुण्याचा या कामाशी जवळचा संबंध आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी मिळून फ्युएल सेलवर चालणारी बस तयार केली, ती ऑगस्ट २०२२ मध्ये याच पुण्यात जाहीर झाली. त्याच वर्षी नितीन गडकरी मिराईत बसून संसदेत गेले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, आणि त्या जुलैत महाराष्ट्राने स्वतःचं धोरण आणलं. इथल्या अभियंत्यांच्या कामाबद्दल मला अभिमान आहे, आणि म्हणूनच त्यांच्या कामाला लोकांचा भक्कम आधार मिळावा असं वाटतं. फीत कापण्याच्या छायाचित्राने तो मिळत नाही.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने ३७ बस आणि ट्रकांच्या चाचणीला आणि नऊ भरणा केंद्रांना मंजुरी दिली. मार्गांच्या यादीत पुणे-मुंबई आहे. म्हणजे विषय आपल्या दारात आला. या मार्गावर बोरघाट आहे. जून २०२३ मध्ये लोणावळ्याजवळ द्रुतगती मार्गावर रसायनाचा टँकर पेटला, आग पुलाखालच्या रस्त्यापर्यंत पोचली आणि माणसं मेली. तेव्हा 'ट्रक घाटात उलटला तर काय?' असं खोपोलीच्या माणसाने विचारलं, तर त्याला विकासविरोधी म्हणायचं का? 'अदृश्य ज्योत ओळखणारा कॅमेरा आमच्या अग्निशमन केंद्रात आहे का?' असं त्याने विचारलं, तर त्याला घाबरट म्हणायचं का? आणि मराठवाड्यातला शेतकरी विचारेल, किलोमागे नऊ लिटर पाणी हे झालं रसायनाच्या पुस्तकातलं, शुद्धीकरणासकट प्रत्यक्षात किती लागेल आणि ते कुठल्या धरणातून उचलणार? ही लोकांची भीती समजू नका. हे लोकमत आहे, नीट विचार करून बनलेलं.

आणि एका माणसाला तर कुणीच विचारत नाही. तो म्हणजे त्या गाडीचा ड्रायव्हर, आणि डेपोतला तिचा मेकॅनिक. ३५० बारची टाकी पाठीशी घेऊन रात्री घाट चढणार तो. सांडविकातला बोल्ट ज्याच्या हाती येणार आहे तोही हाच. हे काम कंत्राटी, तीन-तीन महिन्यांच्या नेमणुकीवरच्या पोराकडे दिलं जाणार का, हे आधी कळायला हवं. लोकमताची पाहणी करायची तर पहिला कागद त्याच्यासमोर ठेवला पाहिजे.

म्हणून माझी मागणी साधी आणि मर्यादित आहे. भरणा केंद्राची जागा ठरण्याआधी त्या वस्तीत मराठीतून जाहीर सुनावणी व्हावी. चाचणीच्या काळात दर महिन्याला किती गळत्या सापडल्या, गाड्या किती दिवस बंद राहिल्या, किलोमीटरमागे खर्च किती आला आणि वायू कशापासून केला, हे चार आकडे डेपोच्या फाटकावर आणि वर्तमानपत्रात लागावेत. वाईट असले तरी लागावेत. चाचणी संपल्यावर लोकांना 'नको' म्हणण्याचा हक्क असावा. इंग्लंडमध्ये एलस्मीअर पोर्टजवळच्या व्हिटबीत घरांना हायड्रोजन पुरवण्याची योजना होती, ती रहिवाशांच्या विरोधामुळे जुलै २०२३ मध्ये सरकारने मागे घेतली. त्याने तिथलं सरकार पडलं नाही, की विज्ञान बुडालं नाही.

या सभागृहात वाहनं घडवण्यात आयुष्य गेलेली कितीतरी माणसं बसली आहेत. सुनावणीची मागणी तुमच्याकडून गेली तर तिला अडाण्यांचा विरोध असं कुणी म्हणू शकणार नाही. अर्जाचा मसुदा मी मराठीत करून आणला आहे. व्याख्यानानंतर तो दाराजवळच्या टेबलावर ठेवतो. त्यात तांत्रिक दुरुस्त्या सुचवा, आणि पटला तर सही करा.